बाडांतील ज्वरौषधांचीं पानें

वऱ्हाडांतील साखरखेर्डा (जि. बुलढाणा) हें नांव इतिहासज्ञांस परिचित आहे तें १७२४ च्या लढाईमुळें. मुबारिजखान तेथें पडला, निजामुल्मुल्काचा दक्षिणेंत जम बसला आणि त्यानें गांवास फत्तेखेर्डा हें नांव दिलें. त्या बाजूचें एखादें बाड हातीं आलें कीं आम्ही संग्राहक प्रथम फौजेचा व वतनाचा मजकूर धुंडाळतों. मध्यें औषधाचें पान लागलें तर तें ‘किरकोळ’ म्हणून निराळ्या रुमालांत जातें. ही चाल सोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

चौथ्या शतकांतील चिनी ग्रंथकार गे हुंग यानें हिंवतापावर एक उपाय लिहून ठेविला आहे. आपल्या दवण्याच्या वंशांतील एका वनस्पतीचा मूठभर पाला पाण्यांत भिजवून रस पिळून घ्यावा, इतकेंच तो सांगतो; काढ्याचें नांव नाहीं. तू यूयू या विदुषींच्या अर्कांचा गुण एकसारखा येत नव्हता. या ओळीवरून, उष्णतेनें मूळ द्रव्य नासत असावें, अशी शंका त्यांस आली. १९७१ मध्यें त्यांनीं थोड्या उष्णतेवर उकळणाऱ्या ईथरनें अर्क काढला. पुढील वर्षीं आर्टेमिसिनिन हें द्रव्य शुद्ध रूपांत मिळालें. २०१५ चें नोबेल पारितोषिक त्यांस याच कार्याबद्दल मिळालें. ‘पिळावा’ कीं ‘कढवावा’, एवढ्या एका क्रियापदाचें हें मोल! नकलकारानें वनस्पतीचें नांव तेवढें उतरून घेतलें असतें तर?

आपल्याकडे पाळीच्या तापावर सागरगोट्याचा गर मिऱ्यांबरोबर देत. १८६८ च्या हिंदुस्थानच्या सरकारी औषधिसंहितेंत हेंच चूर्ण समभागानें दिलें आहे. सागरगोट्याच्या वंशांतील बियांतून निघालेल्या कॅसेन वर्गाच्या कांहीं द्रव्यांचा हिंवतापाच्या जंतूंवर परिणाम प्रयोगशाळेंत दिसला आहे. रोग्यावरील प्रत्यय ही निराळी गोष्ट. उलट सातविणीच्या सालीची त्याच संहितेंत वाखाणणी असून, पुढील तपासणींत तिच्यांतील एकिटामिन निष्प्रभ ठरलें. तात्पर्य, जुन्या लेखास पुरावा मानूं नये, टाकूनही देऊं नये.

नांवांचा घोळ वेगळाच. ‘किराईत’ म्हणजे हिमालयांतील कीं आपल्या बांधावरचें, हें नुसत्या शब्दावरून कळत नाहीं. शिवाय प्रत्येक ज्वर हिंवताप नव्हे. ‘एकांतरा’, ‘तिजारी’ असे शब्द आले असतील तरच तसा तर्क करावा. म्हणून वनस्पतीचें अंग, माप, अनुपान व कृति जशीच्या तशी उतरावी, आणि तें पान बाडांतून काढूं नये. शक व गांव पुष्कळदां शेजारच्या हिशेबाच्या पानावरच सांपडतात.