न्यूमेनोरची राजनामे आणि एल्फ-मानव संबंध

टोल्कीनच्या मध्य-पृथ्वीच्या द्वितीय युगात न्यूमेनोरचे मानव व एल्फ ह्यांचा स्नेह तुटला, ह्याचे कारण सामान्यतः मृत्युभय असे सांगितले जाते. ते खोटे नव्हे. परंतु दुराव्याची पावले राजांच्या नावांवरून अधिक नेमकी ओळखता येतात. १७०० ह्या वर्षी मिनास्तिरने सौरोनविरुद्ध गिल-गलादच्या साहाय्यार्थ मोठे आरमार धाडले. हाच पुरुष ओरोमेतच्या टेकडीवर मनोरा उभारून अमरांच्या पश्चिमेकडे उत्कंठेने पाहत बसे. मैत्री आणि असूया त्याच्या ठायी एकत्रच नांदत होती.

२८९९ साली सत्तेवर आलेल्या आर-अदूनाखोरने एल्फांची क्वेन्या टाकून अदूनाइक भाषेत राजनाम धारण केले आणि एल्फभाषांवर बंदी घातली. तथापि राजपटावर त्याची नोंद ‘तार-हेरुनूमेन’ अशी क्वेन्यातच झाली. ती रूढी मोडण्याचे धैर्य त्यालाही झाले नाही! (अर्थ मात्र एकच, ‘पश्चिमेचा स्वामी’, आणि हे बिरुद वस्तुतः मान्वेचे.) आर-गिमिलझोरने एल्फांचे येणेच निषिद्ध ठरविले. त्याचा पुत्र तार-पलांतिर ह्याने क्वेन्या नाव पुन्हा स्वीकारले. मिनास्तिरच्याच मनोऱ्यावर चढून तो शिडाची वाट पाही. पश्चिमेकडून जहाज पुन्हा आले नाही.