वातवाहित वाळूचे मापन : सापळ्यांचा इतिहास

कळमनुरीची काळी जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली व चिकणमातीप्रधान आहे. वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या तेथे नाहीत. तथापि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या शेतातून वारा किती माती नेतो, हे मोजावयाचे झाल्यास जे उपकरण हाती घ्यावे लागते, त्याचा इतिहास वाळवंटात सुरू होतो.

१९३० नंतरच्या दशकात राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लंडनच्या इंपीरियल कॉलेजात वातविवर उभारून वाळूच्या गतीचा अभ्यास केला आणि १९३८ मध्ये लिबियन वाळवंटात त्याचा प्रत्यक्ष पडताळा घेतला. त्याचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक वाळू जमिनीलगत उड्या घेत जाते, सुमारे चतुर्थांश पृष्ठभागावरून सरकते, आणि वाहून जाणारे एकूण प्रमाण वाऱ्याच्या घर्षणवेगाच्या घनाशी निगडित असते, असे त्याने दाखविले. अर्थात वेगाच्या मापनातील लहानशी चूकही निष्कर्षात मोठी होते.

सापळ्याची स्वतःची चूक याहून सूक्ष्म आहे. पेटी उभी करताच तिच्यात हवा कोंडते व वारा तिला वळसा घालून जातो. जड कण आपल्या वेगाने आत शिरतात. हलके कण वळणाऱ्या हवेबरोबर निसटतात. पायथ्याशी भोवरे उठून वाळू उकरली जाते, ती गोष्ट वेगळीच. म्हणून पुढील सुधारणांचा रोख हवेस बाहेर वाट देण्याकडे राहिला. १९७८ मध्ये लेदरमन याने मागे जाळी बसविलेल्या नळीचा सापळा सुचविला. १९८६ मध्ये फ्रायरिअर याने वाऱ्याकडे आपोआप तोंड फिरविणारा, जाळीच्या झडपांचा संग्राहक वर्णिला.

दरम्यान १९४० नंतरच्या दशकात चेपिल याने शेतजमिनींवरील प्रयोगांतून दाखविले की, सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाचे कण सर्वांत सहज उचलले जातात, तर सुमारे ०.८४ मिलिमीटरहून मोठी कोरडी ढेकळे सहसा हलत नाहीत. काळ्या मातीचे प्रश्न येथेच वाळूहून निराळे होतात: चिकणमाती सुट्या कणांच्या रूपात न जाता बारीक रव्याच्या रूपात उडते, आणि तिचा सूक्ष्म अंश धूळ होऊन सापळ्यावरून निघून जातो.

यास्तव वाळूकरिता सिद्ध झालेली सापळ्याची कार्यक्षमता कळमनुरीच्या मातीस जशीच्या तशी लावता येणार नाही. सापळ्यात जमलेल्या मातीचे वजन म्हणजे शेतातून गेलेली माती नव्हे. ती किती अंशाने पकडली गेली, याचा त्याच मातीवर केलेला पडताळा सोबत नसेल, तर तो आकडा अपुरा समजावा.