घरीं घडविलेली मोटार
सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे गांवच्या एका लोहार कारागिरानें भंगारांतून चारचाकी गाडी घडविली. दुचाकीप्रमाणें किक मारतांच ती सुरू होई. २०२१ सालीं तिचा सर्वत्र बोलबाला झाला. परंतु कायद्याच्या दृष्टीनें ती अनाथच होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ३९ व्या कलमान्वयें नोंदणीवांचून गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं, आणि १९८९ च्या नियमांप्रमाणें नमुन्याची मान्य संस्थेकडून चांचणी व्हावी लागते. वाटसरूंच्या जिवासाठीं हें आवश्यकच. पण कारखानदारासाठीं योजलेली ही कसोटी एकच गाडी करणाऱ्यास कशी परवडावी? अखेर २०२२ च्या जानेवारींत आनंद महिंद्रांनीं ती गाडी स्वीकारून त्याला नवी बोलेरो दिली. कारागिराचा सन्मान झाला. कायद्यापुढचा प्रश्न मात्र तसाच उरला.