अत्तर आणि घसारा

नोटांना वास असतो हे मला साताऱ्यात कधी कळलं नाही. ते सांगलीला बदली झाल्यावर कळलं. हळदीच्या हंगामात इथल्या मार्केट यार्डातून येणारी रोकड नाकानंसुद्धा मोजता येते. पिवळ्या बोटांनी घरी गेलो की सौ. विचारते, "आज कुणाची हळद होती?"

आमच्या अण्णांचा वास निराळा. हिवाळ्यात त्यांच्या कानात हिन्याचा फाया, उन्हाळ्यात वाळ्याचा. हिना उष्ण, वाळा थंड. घरात स्वेटर कधी काढायचे ते आम्ही अण्णांच्या कानावरून ठरवायचो.

हा नाद काही कालचा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त राज्यकारभाराच्या जोडीला सुगंधाचे उपभोगही सांगितलेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी गंधशास्त्रावरचा 'गंधवाद' हा ग्रंथ उजेडात आणला, तोही मराठी टीकेसह. सुवासावरही टीका केल्याशिवाय आपल्याला राहवत नाही!

गुलाबाच्या अत्तराची हकिकत तर जहांगीर बादशहानंच आपल्या आठवणींत लिहून ठेवलीय. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करत असताना भांड्यात वर तवंग आला. बाईंनी तो सायीसारखा गोळा केला, आणि त्याच्या थेंबाथेंबाला बाग फुलल्याचा वास! शोध सासूबाईंचा, नाव पडलं 'इत्र-ए-जहांगिरी'. जावईपण म्हणतात ते हे.

एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात. असा ताळेबंद मी मांडला तर ऑडिटर मलाच भट्टीवर चढवतील. कनौजला फुलं तांब्याच्या डेगीत उकळून त्यांची वाफ भपक्यातल्या चंदनतेलात मुरवतात. चंदन महागलं तसं त्याच्या जागी स्वस्त तेल आलं.

दरबारी रिवाजात अत्तर-गुलाब आणि विडे आले की पाहुण्यानं उठायचं. किती सभ्य सोय! आमच्या काउंटरवर अडीच वाजता अत्तरदाणी ठेवावी असा अर्ज मी मनातल्या मनात बऱ्याचदा केलाय.

अण्णा गेले तेव्हा माझ्या वाट्याला त्यांची हिन्याची कुपी आली. बूच घट्ट, तरी दरवर्षी अत्तर खाली जाई. बी.कॉम.चा माणूस, मी त्याला घसारा म्हणून सोडून दिलं. परवा पाहिलं तर शून्य शिल्लक.

मिरजेच्या दर्ग्याचा उरूस होता. तिथल्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्यापुढे कुपी धरली. म्हटलं, "चाचा, अस्साच हिना भरून द्या."

त्यांनी बूच काढून डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"चंदनातला हाय. आता माझ्याकडं न्हाई असला." आणि बूच लावून कुपी परत दिली. "दुसरं काय भरू नका यात. हाय तेबी जाईल."

गिऱ्हाईक परत पाठवायचं आणि वर पैसेही नाकारायचे! बँकेत असतं तर मेमो मिळाला असता. माझ्या कानात त्यांनी वाळ्याचा फाया मात्र ठेवला.

घरी सौ.नं विचारलं, "मिळालं का?"

"नाही."

तिनं कुपी हातातून घेतली, बूच न उघडता नाकाशी धरली आणि ट्रंकेत अण्णांच्या कोटाच्या खिशात ठेवून दिली.