शेजारच्या राज्यातला प्रचार

मंडळी, निवडणुकीच्या दिवसांत चावडीपुढं सभा भरते. उमेदवार एका बाजूला हात जोडून बसलेला असतो आणि भाषण करतो तो बाहेरून आलेला मोठा पुढारी. गर्दी जमते ती पुढाऱ्याला ऐकायला, आणि मत मात्र द्यायचं असतं ते हात जोडून बसलेल्या माणसाला. अशा वेळी आपण मत नक्की कुणाला देतो? हा प्रश्न मनात ठेवा आणि अमेरिकेतली १९३२ सालची एक हकिगत ऐका.

शाळेत अमेरिकेचा नकाशा असेल तर गुरुजींनी तो मुलांपुढं उघडावा. मिसिसिपी नदी दक्षिणेला समुद्राला मिळते, तिथं लुइझियाना हे राज्य आहे. त्याला लागून उत्तरेला आर्कान्सॉ. दोन्ही राज्यं कापूस पिकवणारी. अमेरिकेच्या संसदेचं वरचं सभागृह म्हणजे सेनेट. राज्य लहान असो वा मोठं, प्रत्येकाचे तिथं दोनच सभासद, आणि मुदत सहा वर्षांची. आपल्या राज्यसभेचे सभासद आमदार निवडतात. सेनेटर मात्र १९१३ सालापासून थेट लोकांच्या मतांनी निवडले जातात.

आर्कान्सॉचे सेनेटर थॅडियस कॅरावे नोव्हेंबर १९३१ मध्ये अचानक वारले. त्यांची पत्नी हॅटी कॅरावे तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. गव्हर्नरांनी त्यांना पतीच्या जागी नेमलं आणि जानेवारी १९३२ च्या पोटनिवडणुकीत त्या निवडूनही आल्या. यात कुणाला फारसं वावगं वाटलं नाही, कारण पुढाऱ्यांचा हिशेब निराळा होता. एस. टी.त रुमाल टाकून जागा धरावी, तशी या बाईंनी वर्षभर जागा धरायची आणि मग एखाद्या वजनदार पुरुषाला मोकळी करून द्यायची! त्यांच्या आधी सेनेटमध्ये एकच स्त्री बसली होती. जॉर्जिया राज्याच्या रिबेका फेल्टन, वयाच्या ८७ व्या वर्षी, १९२२ साली, आणि तीही एक दिवसापुरती.

पण मे १९३२ मध्ये हॅटीबाईंनी जाहीर केलं की, पुढच्या सहा वर्षांसाठी मी स्वतः उभी राहणार. पुढारी चकित झाले. त्या काळी आर्कान्सॉत डेमोक्रॅटिक पक्षाचंच राज्य होतं, म्हणून खरी लढत होई ती पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या आधीच्या निवडणुकीत. तिची तारीख होती ९ ऑगस्ट. हॅटीबाईंच्या विरुद्ध सहा पुरुष उभे राहिले. त्यांत एक माजी सेनेटर, माजी सैनिकांच्या देशव्यापी संघटनेचे एक माजी प्रमुख आणि चार्ल्स ब्रो नावाचे माजी गव्हर्नर. गंमत अशी की, आर्कान्सॉतल्या स्त्रियांना पक्षाच्या निवडणुकीत मताचा हक्क १९१७ साली मिळाला तो याच ब्रो यांच्या कारकिर्दीत. हॅटीबाईंजवळ ना पैसा, ना संघटना. सेनेटात त्या क्वचितच बोलत. ‘अबोल हॅटी’ म्हणूनच लोक त्यांना ओळखत.

आता शेजारच्या लुइझियानात चला. तिथले सेनेटर ह्यूई लाँग म्हणजे बोलण्यात वादळच. वय अवघं अडतीस. आधी गव्हर्नर असताना त्यांनी रस्ते-पूल बांधले आणि शाळकरी मुलांना पाठ्यपुस्तकं फुकट दिली. दुसरीकडे विरोधकांना चिरडून सारी सत्ता आपल्या मुठीत घेतली, हेही तितकंच खरं. अतिश्रीमंतांच्या उत्पन्नाला मर्यादा घालावी, असा ठराव त्यांनी सेनेटात आणला, तेव्हा बाजूनं मत देणारे थोडेच निघाले. त्या थोड्यांत हॅटीबाई होत्या. ती आठवण लाँग यांनी ठेवली.

मग मदतीला धावले ते केवळ कृतज्ञतेपोटी? नाही हो. सेनेटमधल्या डेमोक्रॅटांचे नेते जोसेफ रॉबिन्सन हे आर्कान्सॉचेच दुसरे सेनेटर, आणि त्यांचं व लाँग यांचं उभं वैर. रॉबिन्सन यांच्या अंगणात जाऊन आपलं बळ दाखवण्याची ही संधी होती. शेजारधर्म आणि स्वार्थ इथं एकाच गाडीत बसले होते.

आणि गाड्या तरी कशा! मोटारट्रकवर कर्णे बसवलेले, आत ध्वनिक्षेपक आणि ग्रामोफोन, बरोबर छापील पत्रकांनी भरलेल्या गाड्या. एका गावात सभा चालू असतानाच दुसरा कर्ण्याचा ट्रक पुढच्या गावी जाऊन गाणी वाजवू लागे. लाँग पोचेपर्यंत तिथं माणसं गोळा झालेली असत. सभेला बायका पोरंबाळं घेऊन येत. मूल रडू लागलं की त्याला पाणी पाजायला, खेळवायला लाँग यांची माणसं तयार असत, असं सांगतात.

१ ऑगस्टला दक्षिण सीमेजवळच्या मॅग्नोलिया गावी सुरुवात झाली. पुढं जेमतेम आठवडाभरात सुमारे २,१०० मैलांचा प्रवास, ३९ सभा आणि दोन लाखांहून अधिक श्रोते. या एकट्या बाईच्या मानेवर बसलेल्या ढेरपोट्या पुढाऱ्यांना खाली ओढायला आम्ही आलोय, अशा अर्थाचं लाँग बोलत आणि मैदान हसून लोळे. हॅटीबाईही रोज बोलायला उभ्या राहत. आधी चार वाक्यं, मग हळूहळू जीभ सुटत गेली.

भाषणं एवढी का भिडली? भूक होती म्हणून. १९२७ साली महापूर, १९३० साली भयंकर दुष्काळ. जानेवारी १९३१ मध्ये इंग्लंड नावाच्या आर्कान्सॉतल्याच गावात उपाशी शेतकरी अन्न मागायला बाजारपेठेत उतरले होते. बँका बुडाल्या, कापसाचा भाव पार कोसळला. अशा लोकांना लाँग सांगत होते की, देशात धान्य कमी नाही, कापूस कमी नाही, मूठभर श्रीमंतांनी तो अडवून ठेवलाय. आणि त्यांच्याविरुद्ध मत देणारी ही बाई तुमची आहे.

९ ऑगस्टला मतं पडली. सात उमेदवारांत हॅटीबाईंना शेकडा ४५ च्या आसपास मतं मिळाली आणि राज्याच्या ७५ काउंट्यांपैकी ६१ मध्ये त्या पहिल्या आल्या. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. नोव्हेंबरची निवडणूक त्यांनी सहज जिंकली. पूर्ण मुदतीसाठी सेनेटवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

सगळे म्हणाले, लाँगनं निवडून आणली! आता गुरुजींनी मुलांना एक गणित घालावं. लाँग यांच्या सभा झाल्या ३१ काउंट्यांत. बाई पुढं राहिल्या ६१ मध्ये. म्हणजे कर्ण्याची गाडी गेलीच नाही अशा निदान ३० काउंट्यांनीही त्यांनाच पसंती दिली. भाषणांची बातमी तिकडं पोचली असेल हे खरं. पण कष्टकऱ्यांच्या बायका, विधवा, गांजलेले शेतकरी यांना या साध्या बाईत आपलं माणूस दिसलं, हेही मानायला हवं.

पुढचा पुरावा आणखी बोलका आहे. सप्टेंबर १९३५ मध्ये ह्यूई लाँग गोळीला बळी पडले. १९३८ साली हॅटीबाई पुन्हा उभ्या राहिल्या. प्रतिस्पर्धी जॉन मॅक्लेलन यांची घोषणा होती, सेनेटात आर्कान्सॉला आणखी एक पुरुष हवा! कर्णा नाही, लाँग नाहीत. थोड्या मतांनी का होईना, बाई जिंकल्या. दरम्यान लाँग अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर उलटले होते, तरी बाईंनी रूझवेल्ट यांच्या मदत-योजनांची पाठराखण सोडली नव्हती. लाँग यांचं भाषण त्यांनी घेतलं, पण त्यांचं दावं गळ्यात बांधून घेतलं नाही. १९४४ साली मात्र त्या हरल्या आणि जे. विल्यम फुलब्राइट त्यांच्या जागी आले.

मंडळी, चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या ऑगस्टमध्ये कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या लोकांना मत नव्हतं. डेमोक्रॅटिक पक्षाची ती निवडणूक फक्त गोऱ्यांसाठी होती. ही पद्धत बेकायदा ठरली १९४४ साली. गरिबांच्या कैवाराचे शब्द कर्ण्यातून दूरवर गेले, पण सगळ्यांत गरिबाच्या हाती मतपत्रिका काही आली नाही. आणि वर्णभेदाच्या प्रश्नावर हॅटीबाई दक्षिणेतल्या इतर गोऱ्या सभासदांच्या रांगेतच उभ्या राहिल्या.

तर चावडीपुढच्या सभेचा प्रश्न. बाहेरून आलेला पुढारी काय सांगतो ते जरूर ऐकावं. तो का आला, त्याचा त्यात लाभ काय, हेही विचारावं. पण त्याची गाडी धुरळा उडवत निघून गेली, की हात जोडून बसलेल्याकडं वळावं आणि पुसावं : आजवर कुणाच्या बाजूनं हात वर केलास? उद्या हा पुढारी नसला, तर काय करशील? आर्कान्सॉच्या मतदारांना यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९३२ साली ठाऊक होतं. दुसऱ्याचं कळायला १९३८ उजाडावं लागलं.