कोळशाची साक्ष

शिरूर आणि दौंड यांच्या दरम्यान, घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव नावाचे खेडे आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांत इ. स. १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी हे या कार्याचे धुरीण होत. भूमीच्या पोटातून मातीची घरे, चुली, रंगीत मडकी, जळके धान्य आणि रांजणांत पुरलेली अर्भके निघाली. परंतु या लोकांस लिपी ठाऊक नव्हती. ना शिलालेख, ना नाणे. मग त्यांचा काळ सांगावा कोणी?

तो चुलीतल्या कोळशाने सांगितला. झाड जिवंत असेतोवर हवेतून किंचित किरणोत्सर्गी कार्बन घेत असते. ते तोडले की आवक थांबते व केवळ क्षय उरतो. एखादा अणू केव्हा फुटेल हे ब्रह्मदेवासही सांगवणार नाही. परंतु असंख्य अणूंपैकी निम्मे ५,७३० वर्षांत सरतात, हा नियम अढळ आहे. प्रयोगशाळेत घडविलेल्या ११८ व्या अतिजड मूलद्रव्यासही तो चुकला नाही. त्याचे अर्ध्याहून अधिक अणू सेकंदाच्या हजाराव्या भागातच लोपतात, आणि शास्त्रज्ञ त्यास ओळखतात तेही या क्षयाच्या खुणांवरूनच.

या नियमावर कालगणना उभारण्याची युक्ती अमेरिकेतील लिबी यांनी १९४९ साली सिद्ध केली. ताज्या लाकडातील एक ग्रॅम कार्बनात दर मिनिटास सुमारे चौदा अणू फुटतात; चौतीसशे वर्षांच्या जुन्या कोळशात सुमारे नऊच. इनामगावचे नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत तपासले गेले. त्या आधारे वसाहतीचा काळ इ. स. पूर्वी सुमारे १६०० ते ७०० असा ठरला. हवेतील या कार्बनाचे प्रमाण सदैव सारखे नसते. म्हणून वृक्षांच्या वलयांशी ताडून अशा आकड्यांस दुरुस्तीही करावी लागते.

महाराष्ट्राचा लेखी इतिहास सातवाहनांच्या सुमारास आरंभतो. या कोळशाने त्यापूर्वीचा सुमारे नऊशे वर्षांचा पट उलगडला. आरंभी चौकोनी, प्रशस्त घरे व पाटाच्या पाण्यावरची शेती, इ. स. पूर्वी १००० नंतर मात्र लहान, गोल झोपड्या. हवामान कोरडे होत गेले, असे ढवळीकरांचे अनुमान आहे. कालगणना नसती, तर हा ऱ्हास एका रात्रीचा उत्पात भासला असता. तो सुमारे तीनशे वर्षे चालला होता. इतकी वर्षे ती माणसे पडत्या काळाशी झुंजत त्याच काठावर टिकून राहिली, हे त्यांच्या चुलीतल्या राखेवाचून कोणासही कळले नसते.