बँडवाल्यांची नावं

बीटल्समधले चौघे कोण, हे आमच्या घरातला शाळकरी भाचाही सांगेल. पण तुमच्या लग्नात वाजवणाऱ्या बँडमधल्या एकाचं तरी नाव आठवतंय? बँडची पाटी आठवते, ड्रेसचा लाल रंग आठवतो. माणूस नाही आठवत.

तर मंडळी, सुरुवात आपल्या नागपूरपासूनच करू. इथे शंकरराव सप्रे गाणं शिकवायचे. त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांत एक वसंतराव देशपांडे. दुसरा रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे पुढचे सी. रामचंद्र. वसंतरावांबद्दल नागपूरकर भरभरून बोलतात, अण्णांबद्दल जरा हात आखडून. सिनेमावाला ना शेवटी!

हे चितळकर मुंबईत जाऊन नाचायला लावणारं संगीत करू लागले. त्यासाठी लागणारे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरोनेट आपल्या गायनशाळेत कुठले असणार? ते वाजवणारे आले गोव्याहून. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्टाफ नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्यातली कितीतरी मुलं पोटापाण्यासाठी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ त्यांतलाच. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजायचा, आणि दिवसा तो स्टुडिओत सी. रामचंद्रांचा सहायक.

संगीतकार चाल सुचवायचा सारेगममध्ये. पन्नास वादकांनी ती एकदम वाजवायची, तर प्रत्येकाच्या पुढ्यात लिहिलेला कागद हवा. तो कागद बहुतेक वेळा गोवेकर लिहायचा, मधले तुकडे रचायचा, आणि पडद्यावर नाव यायचं संगीतकाराचं. माझ्या मते हा सरळ अन्याय होता. १९५१ च्या ‘अलबेला’त निदान चिक आणि त्याचा बँड पडद्यावर दिसतो तरी. (नायक भगवानदादा, जन्म अमरावतीचा. विदर्भाचा हा दुसरा धागा!) माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं तर नावच तेवढं गाजलं. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात ते घातलं. गाणं सगळ्यांना पाठ, पण हा खराखुरा व्हायोलिनवादक होता आणि त्याने १९५८ साली मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, हे कितीजणांना ठाऊक आहे?

आता लग्नाचा बँड. त्याचं मूळ पलटणीत. इंग्रजांच्या छावण्या आल्या तसे बँड आले, मग संस्थानिकांनी हौसेने ठेवले, आणि तिथून ती वाद्यं गावातल्या वाजंत्र्यांच्या हातात आली. आपल्या शेजारच्या कामठीला १८२१ पासून छावणी आहे. वाजवणारे बहुतेक आधीपासून डफडं-सनई वाजवणाऱ्या जातींतले. वाद्य बदललं, पंगतीतली जागा फारशी बदलली नाही. वऱ्हाडी जेवत असताना बँडवाले मांडवाबाहेर ट्रम्पेट पुसत बसलेले मी लहानपणापासून बघत आलोय. नवरदेवाच्या घोड्याला हरभरा वेळेवर मिळतो.

आणि गंमत बघा. नागपुरात शिकलेल्या माणसाची चाल, गोवेकराच्या ट्रम्पेटमधून निघाली, रेकॉर्डवर चढली आणि वरातीच्या बँडने ती कानाने ऐकून उचलली. इथे नोटेशनचा कागद नाही. उस्ताद वाजवून दाखवतो, बाकीचे धरतात. ‘अलबेला’ची गाणी इतवारीच्या गल्लीत पोचली ती अशी.

ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकाने २००५ साली या लग्नाच्या बँडवर अख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलं. मुंबईच्या जॅझवाल्यांवर नरेश फर्नांडिस यांचं २०१२ मध्ये आलं. मराठीत बँडवाल्यांचा उल्लेख येतो तो बहुधा विनोदात, बेसूर म्हणून. असो.

काका-मामा मंडळींना एक विनंती. जुने लग्नाचे अल्बम काढाल तेव्हा कडेला उभे असलेले बँडवाले बघा. कुणी ओळखीचा असेल, तर नाव फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहा आणि मला कळवा.